काळ्या गाडीवरचे ओरखडे आणि पांढरे ठिपके

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी काळी, दीड वर्षाची. राहणं पुण्यात वाघोलीला, सोसायटीला बोअरचं आणि टँकरचं पाणी. रोज सकाळी गाडी पुसायला माणूस येतो आणि रविवारी मालक स्वतः चांगला शाम्पू लावून धुतात. तरी उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक चरे दिसतात आणि दारांवर, आरशांच्या खाली पांढरे ठिपके राहतात. शाम्पू बदलावा की रंगावर संरक्षक थर चढवणारं सिरॅमिक कोटिंग करून घ्यावं?

आत्ता दोन्ही नको. तुमचा शाम्पू ठीक असणार. चरे पडतायत ते रोजच्या पुसण्याने, आणि ठिपके आहेत ते पाण्यातल्या क्षारांचे. रोजचं पुसणं आजपासून थांबवा. या उत्तरातली एकच गोष्ट करायची झाली तर ती हीच करा.

गाडीच्या रंगावर सगळ्यात वरती क्लिअर कोटचा पारदर्शक थर असतो. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही कमी. चरे पडतात ते याच थरात, खालचा रंग बहुतेक वेळा शाबूत असतो. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीवरही अगदी असेच चरे असतात, फक्त तिथे आजूबाजूचा रंगच भरपूर उजेड परत पाठवतो, त्यामुळे चऱ्याच्या कडेवरून विखुरलेला उजेड वेगळा जाणवत नाही. काळा रंग उजेड गिळतो, म्हणून प्रत्येक चऱ्याची कड चमकून दिसते. गडद निळ्या, मरून आणि बाटलीहिरव्या गाड्यांचंही हेच. काळ्या गाड्यांचा रंग हलक्या दर्जाचा असतो असं पुष्कळ लोक समजतात, पण तसं नसतं.

आता धूळ. वाघोलीच्या आजूबाजूला दगडखाणी आणि क्रशर आहेत, शिवाय सगळीकडे बांधकामं. तुमच्या बॉनेटवर बसते ती धूळ मोठ्या प्रमाणात बेसॉल्टचा चुरा आणि सिमेंट असते. बेसॉल्टमधली बरीचशी खनिजं काचेइतकी किंवा तिच्याहून कठीण असतात. क्लिअर कोट हा शेवटी प्लास्टिकच्या जातीचा थर, तो त्यांच्यापुढे टिकत नाही. धूळ नुसती बसून राहिली तर काही होत नाही. तिच्यावर फडकं ठेवून हात फिरवला की तिचा कण अन् कण रेघ ओढत जातो. चार दिवस धुळीत उभी राहिलेली काळी गाडी दिसायला वाईट दिसते, पण तिचं नुकसान झालेलं नसतं. रोज पुसलेली गाडी सावलीत सुंदर दिसते आणि वर्षभरात निस्तेज होते.

गाडी पुसणाऱ्या माणसाला यात दोष देऊ नका. त्याला सकाळच्या दोन-तीन तासांत सगळ्या बिल्डिंगच्या गाड्या उरकायच्या असतात, हातात एक बादली आणि एक-दोन फडकी. पहिल्या दोन गाड्यांनंतर त्या बादलीत पाण्यापेक्षा रेतीच जास्त असते. त्याला नीट सांगा, "दादा, बॉडीला फडकं लावू नका. रोज फक्त काचा पुसा, आठवड्यातून एकदा आतून साफ करा. पैसे तेवढेच देईन." काचांसाठी स्वतःचं वेगळं फडकं त्याच्याकडे देऊन ठेवा. माझ्याकडे येणाऱ्या काळ्या गाड्यांपैकी ज्यांनी हा एवढा एक बदल केला, त्यांचे नवे चरे जवळजवळ थांबले. लांब धाग्यांचा मेणवाला डस्टर मिळतो, तोही काळ्या गाडीला वापरू नका. तो धूळ उचलण्याआधी ओढतो. धुळीने भरलेल्या गाडीवर कव्हर घालणं तर त्याहून वाईट, कारण वाऱ्याने कव्हर हललं की रात्रभर घासकाम चालू राहतं. कव्हर घालायचंच असेल तर धुतलेल्या, कोरड्या गाडीवर.

रविवारच्या धुण्यात फार बदल नको, फक्त क्रम बदला. आपल्याकडे बहुतेक जण एक मग्गा पाणी ओततात आणि लगेच साबणाचं फडकं फिरवतात. हात लावायच्या आधी जितकी धूळ पाण्यानेच खाली जाईल तितकी घालवायची, हे धुण्यातलं अर्ध्याहून जास्त काम आहे. घरगुती प्रेशर वॉशर असेल तर पंख्यासारखा फवारा देणारा नोझल लावा आणि फूटभर अंतरावरून वरून खाली मारा. आधी टप, मग काचा, बॉनेट, दारं, आणि शेवटी चाकांच्या वरचा भाग आणि खालच्या पट्ट्या. सरळ टोकदार धार रंगावर मारू नका, विशेषतः जिथे दगड लागून टवका उडालाय किंवा पुन्हा रंगवलेला भाग आहे तिथे.

सोसायटीत प्रेशर वॉशर चालत नाही, पाइप लावायलाही बंदी असते, ही अडचण मला माहीत आहे. त्यावर बागेचा पाच लिटरचा हवा भरायचा फवारणी पंप हा उत्तम उपाय आहे. नवा घ्या. ज्यातून तणनाशक किंवा कीटकनाशक मारलंय तो गाडीला आणि तुमच्या हातांना दोन्हींना नको. पंपात पाणी आणि थोडा शाम्पू घालून सगळी गाडी भिजवा आणि तीन-चार मिनिटं थांबा. धूळ सुटून ओघळायला लागते. फेस सुकू द्यायचा नाही, सुकतोय असं वाटलं तर पुन्हा फवारा. मग साध्या पाण्याने खाली उतरवा. यात पंपाची दोन भरणी जातात, पण पुढच्या हाताच्या कामातला धोका बराच कमी होतो.

मग दोन बादल्या, एक शाम्पूची आणि एक साध्या पाण्याची. दोन्हींच्या तळाशी जाळी बसवता आली तर बसवा, खाली बसलेली रेती पुन्हा वर येत नाही. हाताला मायक्रोफायबरचा लांब केसांचा मोजा घाला. स्पंज नको. स्पंजचा पृष्ठभाग सपाट असल्यामुळे कण त्याच्या आणि रंगाच्या मध्येच अडकून राहतो, लांब केसांत तो आत ओढला जातो. जुना बनियन, सुती फडकं, शर्टाचा तुकडा हे सगळं बाद. शिवण आणि बटणं तर रंगावर सरळ खुणा करतात. मोजा शाम्पूत बुडवा, एक भाग धुवा, साध्या पाण्याच्या बादलीत नीट चोळून स्वच्छ करा, मगच पुन्हा शाम्पूत. प्रत्येक दारानंतर हे करायचं. कंटाळा इथेच येतो आणि चरेही इथेच पडतात. दाब द्यायचा नाही, मोज्याचं स्वतःचं वजन पुरतं. घाण सुटत नसेल तर पुन्हा भिजवा, जोर लावू नका.

हात सरळ रेषेत फिरवा, गोल गोल नाही. काळजी घेऊनही एखादा कण राहून गेला तर सरळ चरा एकाच बाजूच्या उजेडात दिसतो. गोल चरा तुम्ही कुठेही उभे राहा, दिसतोच.

खालचा अर्धा भाग, म्हणजे दारांच्या खालच्या पट्ट्या, बंपर आणि मडगार्डच्या कडा, वेगळ्या मोज्याने धुवा. चाकांसाठी तर बादली, ब्रश, फडकं सगळंच वेगळं. ब्रेकच्या पॅडची लोखंडी भुकटी चाकांवर बसते, ती एकदा मोज्यात शिरली की सहसा निघत नाही. मी चाकं आधी धुतो. शेवटी ठेवली तर चाकं घासेपर्यंत बॉडीवरचं पाणी सुकून जातं.

शाम्पू गाडीचाच, पीएच न्यूट्रल असलेला, म्हणजे आम्लही नाही आणि अल्कलीही नाही असा. भांड्यांचा साबण आणि कपड्यांची पावडर तेल तोडायला बनवलेली असते, ती गाडीवरचं मेण काढून टाकते. शिवाय घसरडेपणा पुरेसा देत नाही, आणि घसरडेपणाच तर आपल्याला हवा असतो.

आता पाणी. तुमच्या ठिपक्यांचं मूळ इथे आहे. खडकवासल्याचं नळाचं पाणी किंवा मुंबईचं तलावांचं पाणी तसं मऊ असतं. दख्खनच्या बेसॉल्टमधून वर आलेलं बोअरचं पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन येतं. थेंब सुकला की पाणी उडून जातं आणि क्षार कडेला गोल रिंगणात बसतात. थोडा हिशोब करू. पिण्याच्या पाण्यातल्या विरघळलेल्या क्षारांची भारतीय मानकातली इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. म्हणजे पिण्यासाठी चांगलं समजलेलं हे पाणीसुद्धा अर्धा लिटर गाडीवर सुकलं, तर पाव ग्रॅम पांढरी पूड मागे राहते. काळ्या बॉनेटवर ती लपणार कशी? पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळतो, तो घ्या आणि बोअर, टँकर, आरओ असं सगळं पाणी एकदा मोजा. टँकरचं पाणी दर खेपेला वेगळं निघतं, हे तुम्हाला लगेच दिसेल.

एक सवय चांगल्या हेतूने लागलेली असते म्हणून मुद्दाम सांगतो. आरओ मशिनमधून वाया जाणारं पाणी साठवून त्याने गाडी धुणारे बरेच आहेत. पाणी वाचवायची इच्छा योग्यच आहे, पण त्या पाण्यात मूळच्या पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. ते चाकांना, पायाखालच्या रबरी मॅटना, पार्किंगच्या फरशीला वापरा. रंगावर नको.

सगळी गाडी मऊ पाण्याने धुवायची गरज नसते. रंगाला शेवटी लागणारं पाणी मऊ असलं की पुरे, आणि त्यासाठी फवारणी पंपात पाच लिटर आरओचं पाणी भरलं तरी भागतं. त्याहून चांगलं एसीचं पाणी. हवेतल्या बाष्पाचं ते पाणी असल्यामुळे त्यात क्षार जवळजवळ नसतात. पाइपखाली स्वच्छ कॅन लावा आणि पंपात भरताना पातळ कापडातून गाळून घ्या. मुंबईत आणि कोकणात दमट हवेमुळे ते भरपूर मिळतं. पुण्यात एप्रिल-मेच्या कोरड्या दिवसांत कमी मिळेल, तेव्हा आरओवर भागवा.

वेळ अशी निवडा की बॉनेट हाताला थंड लागेल. पुण्यात उन्हाळ्यात सूर्य वर यायच्या आत काम संपलं पाहिजे. विदर्भ-मराठवाड्यात तर संध्याकाळीही पत्रा तापलेलाच असतो, तिकडे पहाटच. गाडी नुकती चालवून आणली असेल तर इंजिन निवेपर्यंत थांबा. तापलेल्या काळ्या पत्र्यावर पाणी मिनिटाभरात उडतं आणि शाम्पूही सुकून डाग धरतो. काम चालू असताना सगळी गाडी ओलीच ठेवा. एका बाजूचं दार धुताना दुसरी बाजू सुकत असेल तर मध्येच फवारा मारा.

सुकवण्याबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण नीट धुतलेली गाडीसुद्धा लोक इथे बिघडवतात. शेवटच्या मऊ पाण्याने आधीचं पाणी खाली ढकलून द्या, वरून खाली. पाइप वापरता येत असेल आणि नळाचं पाणी मऊ असेल, तर नोझल काढून टाका आणि हळू धारेने पाणी टपावरून, बॉनेटवरून वाहू द्या. गाडीवर मेण किंवा सीलंट (मेणासारखंच काम करणारा कृत्रिम थर) असेल तर पाणी अखंड पडद्यासारखं निथळतं आणि मागे फार थोडे थेंब राहतात. जोराच्या फवाऱ्याने उलट हजार थेंब उडून बसतात.

उरलेलं पाणी टिपायचं, पुसायचं नाही. पिळाच्या धाग्यांचा मोठा, जाड मायक्रोफायबर टॉवेल घ्या, हजार जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला हजार ग्रॅम वजनाच्या) वरचा. किंचित ओलसर करून घट्ट पिळा, असा टॉवेल अगदी कोरड्यापेक्षा लवकर पाणी ओढतो. बॉनेटवर तो पसरा, क्षणभर थांबा, दोन कोपरे धरून हलकेच स्वतःकडे ओढा. वर दाब नाही, घासणं नाही. टप आणि बॉनेट आधी, कारण आडवे भाग आधी सुकतात आणि ठिपके तिथेच जास्त धरतात. मग काचा, डिकी, दारं. खालच्या पट्ट्यांसाठी दुसरा टॉवेल. टॉवेल घसरत नाही, अडखळतोय असं वाटलं तर थांबा. एक तर तो भरलाय, नाहीतर तिथे घाण राहिली आहे. क्विक डिटेलरचा, म्हणजे रंगावर मारायच्या घसरड्या स्प्रेचा, एखादा फवारा पॅनेलवर मारून टिपलं तर टॉवेल आणखी अलगद सरकतो. काळ्या गाडीला मी हे नेहमी करतो.

शॅमी लेदर, म्हणजे गाडी पुसायचं मऊ चामडं, मी सोडून द्यायला सांगतो. ते रंगाला चिकटून बसतं आणि त्याच्याखाली आलेला कण जाईल कुठे? रबराच्या पट्टीचा वायपर तर काचेव्यतिरिक्त कुठेही नको.

आरशांच्या खाली येणारे तुमचे ठिपके वेगळ्या कारणाने येतात. आरशाच्या खोबणीत, दाराच्या हँडलमागे, नंबरप्लेटमागे, पेट्रोलच्या झाकणात, दिव्यांच्या फटींत पाणी लपून राहतं आणि तुम्ही घरात गेल्यावर ओघळतं. हातातला ब्लोअर मिळाला तर त्याने ही जागा मोकळी करा. नाहीतर दोन्ही आरसे दुमडून-उघडून घ्या, चारही दारं आणि डिकी उघडून कडा छोट्या फडक्याने टिपा, गाडीची एक चक्कर मारून या आणि परत आल्यावर आलेले ओघळ टिपा. चक्कर मारल्याने ब्रेकही सुकतात.

आत्ता असलेले ठिपके काढायचे असे. आधी गाडी वर सांगितल्याप्रमाणे धुवा. सावलीत, थंड पत्र्यावर, पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच आरओचं पाणी एकत्र करून त्यात मऊ मायक्रोफायबर भिजवा आणि ठिपक्यांवर मिनिट-दोन मिनिटं नुसतं ठेवून द्या. क्षार विरघळतात. अलगद उचला, भरपूर पाण्याने धुवा, मग त्या भागाला पुन्हा शाम्पू. लहान जागेवर करून बघा आणि मगच पुढे जा. क्रोमच्या पट्ट्यांवर ते रेंगाळू देऊ नका. मेण असेल तर तेही यात कमी होतं, नंतर पुन्हा लावा. दोन वेळा करूनही गोल खुणा राहिल्या तर क्षारांनी क्लिअर कोट कोरला आहे. मग व्हिनेगर कितीही वेळ ठेवून उपयोग नाही, तिथे मशिन पॉलिशच लागतं.

बेसमेंटमध्ये किंवा पोडियमखाली गाडी लावत असाल तर वरच्या स्लॅबकडे एकदा बघा. झिरपणारं पाणी सिमेंटमधला चुना घेऊन खाली येतं आणि बॉनेटवर पांढरा, कडक थर धरतो. तो नखाने खरवडू नका. त्यालाही व्हिनेगरच, पण थोडं थोडं, पुन्हा पुन्हा. आणि पार्किंगची जागा बदलून मागा, हा थर रोज काढत बसण्यात अर्थ नाही.

पक्ष्यांची विष्ठा मात्र रविवारपर्यंत ठेवायची नाही. उन्हात तापलेल्या काळ्या पत्र्यावर ती काही तासांतही रंगात उतरू शकते. गाडीत पाण्याची बाटली आणि एक मायक्रोफायबर ठेवा. ओलं फडकं पाच-दहा मिनिटं वर ठेवा, मऊ झालं की उचलून घ्या. आंब्याला मोहोर आला की झाडाखालच्या गाड्यांवर चिकट थेंब दिसतात. तुडतुड्यांचा तो चिकटा, आणि त्यावर धूळ बसली की काळपट थर होतो. त्यालाही कोमट पाण्याने भिजवून मऊ करा, घासू नका. पावसाळ्यात गाडी आपोआप धुतली जाते असं समजून लोक महिनोन्‌महिने हात लावत नाहीत, पण रस्त्यावरचा चिखल खालच्या पट्ट्यांवर थर धरून बसतो. पंधरा दिवसांतून एकदा तरी तो नुसत्या पाण्याने उतरवा.

दसऱ्याला गाडीची पूजा होणारच, व्हायलाच हवी. हळद-कुंकू बॉनेटच्या रंगाऐवजी काचेच्या कडेला लावा आणि हार बांधताना तार रंगाला टेकणार नाही असं पाहा. बॉनेटवर हळद-कुंकू, तांदूळ सांडलेच तर कोरड्या फडक्याने झटकू नका, पाण्याने उतरवा. हळदीचा पिवळेपणा थोडा राहिला तर घाबरू नका, तो उन्हात फिका पडतो. कुंकवातला कृत्रिम रंग मात्र लवकर धुवा.

उन्हाळ्यात पाणीकपात असते तेव्हा पाइपने गाडी धुणं मलाही पटत नाही. त्या दिवसांत रिन्सलेस वॉशचं, म्हणजे नंतर पाण्याने धुवावं लागत नाही असं द्रावण घ्या. लेबलवर दिलंय त्या प्रमाणात एका बादलीत मिसळलं की सगळी गाडी होते. पाच-सहा मऊ फडकी त्यात भिजवून ठेवा. आधी पंपाने तेच द्रावण गाडीवर फवारून धूळ भिजवा, मग एका फडक्याची एक घडी एका भागाला, नवी बाजू पुढच्या भागाला. वापरलेलं फडकं पुन्हा बादलीत टाकायचं नाही. फक्त धुळीसाठी हे चालतं. चिखल असेल तर नाही.

आता कोटिंग. सिरॅमिक कोटिंगमुळे धूळ लवकर सुटते हे खरं, पण त्याने क्षारांचे ठिपके थांबत नाहीत. पाणी गोल थेंबांत उभं राहतं, आणि तुमच्या बोअरच्या पाण्याचा तो थेंब सुकला की ठिपका उलट जास्त उठून दिसतो. आत्ताच्या चऱ्यांवर कोटिंग केलं तर चरे आतच बंद होतील. शोरूममध्ये किंवा गॅरेजमध्ये "रबिंग-पॉलिश-टेफ्लॉन" म्हणून जे स्वस्तात करतात, त्यात बऱ्याचदा तेलकट पदार्थाने चरे भरलेले असतात. चार धुण्यांत ते परत दिसतात.

तुम्ही असं करा. आधी दोन-तीन महिने ही धुण्याची पद्धत अंगवळणी पडू द्या. नवे चरे येत नाहीत याची खात्री झाली की एकदा नीट मशिन पॉलिश करून घ्या. दर पॉलिशला क्लिअर कोटचे काही मायक्रॉन जातात, म्हणून ते वारंवार करायचं काम नाही. जो माणूस हात लावायच्या आधी मीटरने रंगाची जाडी मोजतो आणि एका छोट्या चौकोनावर करून दाखवतो, त्याच्याकडेच गाडी द्या. कोटिंग हवं असेल तर त्यानंतर.

टॉवेल आणि मोजे घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नका, सुती कपड्यांचे तंतू त्यांना चिकटतात. थोड्या लिक्विड साबणाने वेगळे धुवा, सॉफ्टनर अजिबात नको, सावलीत वाळवा आणि झाकणाच्या डब्यात ठेवा. धुताना मोजा किंवा टॉवेल जमिनीवर पडला तर त्या दिवशी तो बाजूला. म्हणून सुरुवात करतानाच एक जास्तीचा जवळ घेऊन ठेवा.